प्लास्टर निघाले, आता पुढे?

हाड जुळले की दुखणे संपले, असे आपण धरून चालतो. पण हात-पाय पूर्वीसारखे कामाला लावायचे तर खरी मेहनत त्यानंतरच सुरू होते. ही मेहनत कशी करावी, किती करावी आणि कुठे थांबावे?

पावसाळा लागला, की भिलाईच्या सेक्टरांमधून हे प्रकार नेहमीचेच. अंगणातल्या शेवाळावरून कुणाचा पाय घसरतो, कुणी ओल्या रस्त्यावर स्कूटरसकट पडतो, तर कुणी पाळी सुटल्यावर घाईघाईने घरी निघताना घोटा मुरगळून घेतो. मग एक्स-रे, प्लास्टर आणि काही आठवड्यांची सक्तीची विश्रांती. भेटायला येणारे फळे आणतात आणि जाताना एकच सल्ला देऊन जातात, "आता अजिबात हलायचं नाही हं!"

यथावकाश प्लास्टर कापले जाते. घरातले सारे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण दुसऱ्याच दिवशी लक्षात येते, की हाताची मूठ नीट वळत नाही, लाटणे धरवत नाही. जिना उतरताना गुडघा दगा देतो. एक पोटरी दुसरीपेक्षा चांगलीच बारीक झालेली दिसते.

अशा वेळी काही जण घाबरून तो हात किंवा पाय जपतच राहतात. काही जण उलट टोकाला जातात आणि कुणाकडून तरी जोरजोरात मालिश करून घेतात, सांधा ओढून-ताणून मोकळा करू पाहतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो. महिना-दोन महिन्यांत जो सांधा सुटला असता, तो कायमचा आखडून बसण्याची भीती निर्माण होते.

पडून राहण्याची किंमत

हाड जुळवण्याचे काम शरीर स्वतःच करते. प्लास्टर ते हाड फक्त जागेवर धरून ठेवते. पण त्या काळात आसपासच्या स्नायूंना काम नसते. काम नसलेला स्नायू झपाट्याने बारीक आणि दुबळा होतो. सांध्याभोवतीचे आवरण आकसते. शिवाय आपला पाय जमिनीवर कसा टेकला आहे, तोल कुठे जातो आहे, याची मेंदूला खबर देणारी यंत्रणाही सुस्तावते. म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा पुनःपुन्हा मुरगळतो.

कंबरदुखीच्या बाबतीत तर विश्रांतीची कल्पनाच बदलली आहे. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या नगरपालिकेतील कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. अचानक कंबर धरलेल्या या लोकांचे तीन गट केले होते. एका गटाला दोन दिवस अंथरुणात झोपवले, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला सांगितले, की झेपेल तेवढे रोजचे काम करत राहा. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट आणि सर्वांत सावकाश बरे झाले ते अंथरुणात पडून राहिलेले!

मुंबईच्या साथीतून आलेली विद्या

मोडलेल्या किंवा दुबळ्या झालेल्या अवयवाला शिस्तीने पुन्हा कामाला लावण्याचे हे शास्त्र म्हणजेच फिजिओथेरपी, मराठीत भौतिकोपचार. आपल्या देशात तिचे रीतसर शिक्षण सुरू होण्यामागे एक दुःखद कारण होते. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली. जीव वाचलेल्या पण हातापायांतले बळ गेलेल्या मुलांना पुन्हा उभे कोण करणार, हा प्रश्न उभा राहिला. त्यातूनच १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा निघाली. पुढे १९५५ मध्ये हाजीअलीजवळ पुनर्वसनासाठी एक अखिल भारतीय संस्थाही उभी राहिली.

त्याच १९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि १९५९ मध्ये इथली पहिली झोतभट्टी पेटली. विदर्भातून आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे कामाला आली. भट्टी आणि तापलेल्या लोखंडाशी रोजचा संबंध असलेल्या या गावात, सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयातील भाजलेल्यांवर उपचार करणारा विभाग नावारूपाला आला, यात नवल नाही. भाजल्याच्या जखमेतही व्यायामाचे मोल फार मोठे आहे. जखम भरताना कातडी आकसते. मान, कोपर, बोटे वाकलेली राहिली, तर ती तशीच जखडतात. म्हणून जखम पूर्ण भरण्याची वाट न पाहता अवयव योग्य स्थितीत ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लवकरच हलवावे लागतात. रुग्णाला दुखते, नातेवाइकांना बघवत नाही. पण त्या वेळी केलेली दया पुढे महागात पडते.

पहिले दोन-तीन दिवस

घोटा किंवा गुडघा मुरगळल्यावर विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे, ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. नंतर खुद्द त्यांनीच आपले मत बदलले. बर्फाने वेदना कमी होते, पण तो सतत लावल्यास दुरुस्तीचे काम लांबू शकते, असे ते सांगू लागले. आजचा सल्ला असा :

● दुखावलेल्या भागावर एक-दोन दिवस भार कमी द्या. क्रेप बँडेज बांधा, पण बोटे बधिर होतील इतके घट्ट नको. बसताना-झोपताना पाय उशीवर ठेवा.

● दुखणे फार असेल तर बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावा. कातडीवर थेट ठेवू नका. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी बर्फ आणि शेक या दोन्हींबाबत डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावे.

● पहिले दोन-तीन दिवस गरम शेक, मालिश आणि मद्यपान टाळा. यांनी सूज वाढते.

● त्यानंतर सोसेल तेवढी हालचाल सुरू करा.

एक्स-रे हवा की नको, हे कसे ओळखावे? कॅनडातील ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये घोट्यासाठी एक सोपा नियम घालून दिला. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, किंवा लंगडत का होईना पण चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. पायाच्या मधल्या हाडांवर दाबून दुखले तरीही डॉक्टरांना दाखवावे.

घरच्या घरी करता येणारे व्यायाम

डॉक्टरांनी हालचालीस परवानगी दिल्यावर पुढील व्यायाम दिवसातून दोन-तीन वेळा करता येतात.

घोटा : खुर्चीवर बसून पाय अधांतरी धरा आणि अंगठ्याने हवेत 'अ आ इ ई' गिरवा. सारी बाराखडी झाली तरी हरकत नाही. दुखणे ओसरल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याचा आधार घेऊन दोन्ही टाचा उचला आणि हळूहळू खाली टेका. शेवटी त्याच ओट्याशी एका पायावर उभे राहण्याचा सराव करा. हरवलेला तोल परत मिळवून देणारा हा व्यायाम लोक हमखास टाळतात.

मनगट : प्लास्टर असतानाच बोटे, कोपर आणि खांदा हलवत राहायचे असते. हात गळ्यात बांधून महिनाभर निश्चल ठेवला, तर मनगट बरे होईपर्यंत खांदा जखडून बसतो. प्लास्टर निघाल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडा-मिटा. ओला रुमाल पिळा. कोपर अंगाशी ठेवून तळहात प्रसाद घेतल्यासारखा वर करा, मग पालथा करा.

गुडघा : पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच सेकंद धरा, सोडा. असे दहा वेळा करा. मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला, की गुडघ्याचा निम्मा भार तो उचलतो.

कंबर : एका जागी फार वेळ बसू नका. घरातल्या घरात चाला. पाठीवर झोपून, पाय गुडघ्यात दुमडून एकेक गुडघा छातीकडे आणा.

मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे हे आपल्या घरांत रोजचेच. पण गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते केव्हा सुरू करायचे, की अजिबात करायचे नाही, हे शल्यचिकित्सकांनाच विचारा.

दुखणे किती सोसावे?

'दुखले म्हणजे बिघडले' ही समजूत व्यायामाच्या आड येते. आखडलेला सांधा सुटताना थोडा ताण, थोडी कळ जाणवणारच. दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीन-चार गुणांपर्यंतचे दुखणे चालते, पण व्यायामानंतर ते ओसरले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढले असेल, तर व्यायाम जास्त झाला असे समजा. तो बंद करू नका, निम्म्यावर आणा.

धीर किती धरावा लागतो, याचे उदाहरण आपल्या सचिन तेंडुलकरचेच पाहा. २००४ मध्ये त्याला 'टेनिस एल्बो'ने गाठले. मे २००५ मध्ये लंडनला कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कितीतरी महिने मैदानाबाहेर काढून तो ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध उतरला आणि ९३ धावा काढून गेला. हा विकार होणारे बहुतेक लोक मात्र टेनिसही खेळत नाहीत आणि क्रिकेटही. कपडे पिळणाऱ्या गृहिणी, पाना-हातोडा चालवणारे कामगार हेच त्यात अधिक. त्यांतील बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. कामाचा भार कमी करणे आणि मनगट-कोपराचे हळूहळू वाढवत नेलेले व्यायाम पुरतात. वेळ मात्र द्यावा लागतो.

घरातली वडीलधारी माणसे

आजी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, की घरच्यांना वाटते, या वयात शस्त्रक्रिया कशाला? वास्तविक अंथरुणाला खिळून राहणे हेच वृद्धांना सर्वांत घातक. न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या, हे सारे पडून राहण्याने होते. म्हणून बहुतेक रुग्णांत लवकर शस्त्रक्रिया करून, शक्य तर दुसऱ्याच दिवशी वॉकरच्या आधाराने उभे करतात. त्या वेळी आजी "नको गं बाई" म्हणतील. त्यांना धीर द्या, पण उभे राहू द्या.

त्याहून चांगले म्हणजे पडूच न देणे. न्हाणीघरात खडबडीत फरशी आणि धरायला दांडी, रात्री जाण्या-येण्याच्या वाटेवर दिवा, सैल चपलांना रजा, एवढ्यानेही बरेच साधते.

पुन्हा कामावर, पुन्हा मैदानावर

कामावर परतण्याची घाई सर्वांनाच असते. पण दुखणे थांबले म्हणजे ताकद परत आली असे नाही. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाली का, जिना न अडखळता उतरता येतो का, उकिडवे बसून उठता येते का, हे आधी पाहा. अंगमेहनतीचे काम असेल, तर सुरुवातीला हलके काम मागून घेण्यात कमीपणा नाही. पाळीनुसार ज्यांची झोप-जेवण बदलते, त्यांनी व्यायाम घड्याळाशी न बांधता अंघोळीशी बांधावा. पाळी कोणतीही असो, अंघोळीआधी पंधरा मिनिटे व्यायाम.

आणि बरे झाल्यावर? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सल्ल्यानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत. वृद्धांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. रोज अर्धा तास, पाच दिवस झपझप चालले तरी १५० मिनिटे होतात. नवतप्याच्या उन्हात मात्र भिलाईकरांनी पहाटेच चालून घ्यावे. रविवारी मुलांना घेऊन मैत्रीबागेत फेरी मारली, तर तीही हिशेबात धरायला हरकत नाही.

भौतिकोपचारतज्ज्ञ निवडताना त्यांची पदवी जरूर विचारा. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले आहे. नुसते यंत्राखाली झोपवून घरी पाठवणाऱ्यापेक्षा, व्यायाम करून दाखवणारा आणि आठवड्याने प्रगती मोजणारा तज्ज्ञ केव्हाही चांगला. यंत्राचा शेक मदतनीस आहे, काम मात्र आपल्या स्नायूंनाच करायचे आहे.

यावेळी वाट पाहू नका

● प्लास्टरमधील बोटे निळी, थंड किंवा बधिर पडली, आतली वेदना असह्य झाली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

● एक पोटरी अचानक सुजून दुखू लागली, किंवा धाप लागून छातीत दुखू लागले.

● कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातील शक्ती कमी झाली.

● दुखऱ्या सांध्याबरोबर ताप आला.

या चार गोष्टी सोडल्या, तर बाकीच्या दुखापतींत घाबरण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी हाड जुळवून दिले आहे. आता रोजची पंधरा मिनिटे तेवढी आपली!