कादंबरीचा चित्रपट होताना : न्याय कुणाला?

मोठ्या, गुंतागुंतीच्या कादंबरीला चित्रपट न्याय देऊ शकतो काय, हा प्रश्न आपल्याकडे साहित्याच्या चर्चेत वारंवार येतो आणि त्याची उत्तरेही ठरल्यासारखी मिळतात. साहित्याचे अभ्यासक सांगतात की पुस्तक ते पुस्तक. पडद्यावर त्याचा आत्मा हरवतो. चित्रपटाचे अभ्यासक सांगतात की दोन्ही माध्यमे निराळी आहेत, त्यांची तुलना करणेच गैर. ह्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की न्याय द्यायचा तो पुस्तकाला, म्हणजेच पर्यायाने लेखकाला. पुस्तकातल्या माणसांना न्याय मिळाला की नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. दलित साहित्याच्या वाचकाने ते विचारले पाहिजे असे मला वाटते.

प्रथम माध्यमाचा साधा हिशेब मांडू. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा चित्रपट-व्यवसायातला ढोबळ नियम आहे. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाची पटकथा सुमारे एकशेवीस पानांची, आणि त्या पानांवरही मजकूर विरळच असतो. चारशे पानांची कादंबरी तीत मावणे शक्य नाही. सर्गेई बोंदार्चुक यांनी टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'वर चार भागांचा, सुमारे सात तासांचा चित्रपट केला. तो १९६६-६७ साली प्रदर्शित झाला. सोव्हिएत सरकारचे बळ आणि सैनिकांचे ताफे पाठीशी असूनही टॉलस्टॉयचे इतिहासाविषयीचे प्रदीर्घ चिंतन बव्हंशी बाहेरच राहिले. तेव्हा काटछाट ही होणारच. ती का झाली म्हणून रडण्यात अर्थ नाही. ती कुणावर झाली, हे मात्र पाहिले पाहिजे.

काटछाटीचा व्यवहारातला नियम असा : मुख्य धागा राखा, बाजूचे धागे गाळा. हा नियम वरवर पाहता निव्वळ तांत्रिक आहे. परंतु भारतीय कादंबरीत बाजूच्या धाग्यावर कोण राहते? तेथे आपला माणूस राहतो. मेलेले ढोर ओढणारा, अंगण झाडणारी, निरोप पोचवून दाराबाहेर उभा राहणारा. प्रेमचंदांच्या 'गोदान'मध्ये (१९३६) होरी ह्या शेतकऱ्याची कथा मुख्य आहे. चमार समाजातली सिलिया आणि ब्राह्मण मातादीन यांची कथा बाजूची आहे. मातादीन सिलियाला ठेवतो, तिला राबवून घेतो, पण तिच्या हातचे खात नाही. शेवटी तिच्या समाजातली माणसे येतात, त्याचे जानवे तोडतात आणि त्याच्या तोंडात हाड कोंबतात. सिलियावाचून होरीची कथा पूर्ण होते, असे कुठलाही पटकथाकार म्हणेल, आणि त्याच्या शास्त्राप्रमाणे ते बरोबरही असेल. परंतु तो प्रसंग गाळला की 'गोदान' ही केवळ शेतकऱ्याच्या कर्जाची करुण कहाणी उरते. जातीच्या मुळावर घाव घालणारा हात तीतून निघून जातो. जे तांत्रिक म्हणून गळते ते असे सामाजिक असते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी १९३९ साली आली आणि पुढच्याच वर्षी जॉन फोर्ड यांनी तिच्यावर चित्रपट काढला. दुष्काळ, धुळीची वादळे आणि बँकांचे कर्ज यांनी ओक्लाहोमातून उखडलेले जोड कुटुंब मजुरीसाठी कॅलिफोर्नियाला जाते, ही तिची कथा. कादंबरीच्या तीस प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणे जोड कुटुंबाविषयी नाहीतच. ती हजारो बेघर कुळांविषयी, त्यांना हुसकणाऱ्या ट्रॅक्टरविषयी, मजुरी पाडण्याच्या डावपेचांविषयी आहेत. चित्रपटात ही प्रकरणे तशी आली नाहीत आणि समूहाची कथा एका कुटुंबाची झाली. दुसरा बदल अधिक बोलका आहे. कादंबरीत हे कुटुंब आधी माणुसकीने चालणाऱ्या सरकारी छावणीत राहते, नंतर संप फोडणाऱ्या मळ्यावर जाते आणि शेवटी पुरात सापडते. मेलेले मूल जन्माला आलेली मुलगी उपासमारीने मरणाऱ्या अनोळखी माणसाला आपले दूध पाजते, तेथे पुस्तक संपते. चित्रपटात मळा आधी आणि सरकारी छावणी नंतर आली, आणि शेवट आईच्या धीराच्या शब्दांवर झाला. प्रसंग बरेचसे तेच. फक्त क्रम फिरला, आणि पुस्तक ज्या व्यवस्थेला गुन्हेगार ठरवते तिच्यातच सुटकेची आशा दिसू लागली. चित्रपट उत्तम आहे, फोर्ड यांना त्यासाठी ऑस्करही मिळाले. पण कादंबरीतला आरोप सौम्य झाला, हेही तितकेच खरे.

याउलट चित्रपटाला लघुकथा किती पेलते, ह्याचे उदाहरण 'सद्गति'. प्रेमचंदांची ही कथा काही थोड्या पानांची. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी तिच्यावर तासाभराच्या आतला चित्रपट केला. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला दुखी पंडिताकडे जातो, पंडित त्याला उपाशीपोटी लाकडाचा ओंडका फोडायला लावतो, आणि दुखी तेथेच मरतो. प्रेताला हात कुणी लावायचा, हा प्रश्न उरतो. येथे गाळायला काहीच नव्हते. दिग्दर्शकाला वेळ होता, म्हणून कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव आपल्या अंगावर येतो. कथेत वाक्यात सांगितलेला थकवा ओम पुरीच्या खांद्यांत दिसतो. म्हणजे चित्रपटाला अंतरंग दाखवता येत नाही, हे म्हणणे खरे नाही. त्याला अवकाश हवा असतो, आणि तो कुणाला द्यायचा हे कुणीतरी ठरवत असते.

आता मुख्य उदाहरणाकडे येतो. भीष्म साहनी यांच्या 'तमस'ला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहनी मूळचे रावळपिंडीचे. १९४७ च्या दंगली त्यांच्या भोवती घडलेल्या. १९७० साली भिवंडीत दंगल झाली, तेव्हा ते तेथे गेले. ती उद्ध्वस्त वस्ती पाहून जुन्या आठवणी जाग्या झाल्या आणि ही कादंबरी आकाराला आली. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या एका गावाची राख ह्या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

कादंबरी सुरू होते ती नत्थूपासून. नत्थू चमार, मेलेल्या जनावराची कातडी सोलणारा. मुराद अली नावाचा माणूस त्याच्या हातावर पाच रुपये ठेवतो आणि सलोतरी साहेबांना, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना हवे म्हणून एक डुक्कर मारायला सांगतो. नत्थूने आजवर डुक्कर मारलेले नाही. रात्रभर कोंडलेल्या खोलीत तो झगडतो. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. त्यानंतर कादंबरी डेप्युटी कमिशनर रिचर्डच्या बंगल्यात, काँग्रेसच्या प्रभातफेरीत, कोवळ्या पोरांना हत्येचे शिक्षण देणाऱ्या आखाड्यात, गुरुद्वारात, विहिरीत उड्या घेणाऱ्या स्त्रियांपाशी जाते. नत्थू मधे थोडा दिसतो आणि मग नाहीसा होतो. अखेरीस शांततेच्या घोषणा देणारी बस निघते, तिच्यात पुढे मुराद अली बसलेला असतो. त्याला ओळखू शकणारा नत्थू तोवर मेलेला आहे, हे लेखक जाता जाता सांगतो.

मी महाविद्यालयात हिंदी शिकवतो. ही कादंबरी शिकवताना नत्थू कुठे गेला, असे मी वर्गाला विचारतो. बहुतेकांच्या लक्षातच आलेले नसते. माझ्या मते साहनींच्या रचनेची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथेच आहेत. समाजाने जसे नत्थूला वापरले आणि विसरले, तसेच कादंबरीही त्याला विसरते. हे विसरणेच दंगलीचे सत्य आहे. परंतु ज्या वाचकाला नत्थूला विसरण्याची पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे, त्याला ते सत्य बोचत नाही. तो सहज पुढे जातो.

गोविंद निहलानी यांनी १९८८ साली दूरदर्शनसाठी 'तमस' केला, तो जवळजवळ पाच तासांचा. एवढा अवकाश मिळाल्यावर त्यांनी काय केले? त्यांनी नत्थूला परत आणले. नत्थू (पुन्हा ओम पुरीच) आणि त्याची गरोदर बायको कर्मो (दीपा साही) यांचा धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवला. अपंग आईला पाठीवर घेऊन पळणारा नत्थू दाखवला. निर्वासितांच्या छावणीत कर्मोला त्याचे प्रेत सापडते आणि तेथेच तिचे मूल जन्मते, हा शेवट चित्रपटाचा आहे, कादंबरीचा नाही. साहनींनी स्वतः चित्रपटात हरनामसिंगाची भूमिका केली. प्रक्षेपण थांबवण्यासाठी लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहून प्रक्षेपणाच्या बाजूने निर्णय दिला आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

पुस्तकाशी इमान हाच न्याय असेल, तर निहलानींनी अन्याय केला. पण नत्थूच्या बाजूने पाहिले तर चित्रपटाने त्याला कादंबरीपेक्षा अधिक दिले. त्याच्या घराला, बायकोला, आईला पडद्यावर जागा दिली. डोळ्यांआड करता येणार नाही असे मरण दिले. येथे एक उणेही मांडले पाहिजे. पडद्यावरचा नत्थू अपराधाच्या भावनेने खचत जातो. आपल्या हातून पाप घडले, हे त्याला छळते. त्याच्या हातात डुक्कर कुणी दिले, त्याच्याच हातात का दिले, हा जातीचा प्रश्न त्याच्या तोंडी पुरेसा येत नाही. आपल्याला त्याची कणव येते, त्याचा राग येताना मात्र दिसत नाही. 'सद्गति'तला दुखी आणि 'तमस'मधला नत्थू, दोघेही अखेर प्रेत होऊनच उरतात.

तरीही ह्या चित्रपटाचे मोल मी कमी मानत नाही, आणि त्याला घरचे कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या आईला अक्षरओळख नाही. 'तमस' कादंबरी तिच्यासाठी कायमची बंद होती. मी तिला चित्रपट दाखवला. मजुरीवरून आल्यावर चार संध्याकाळी बसून तिने तो पाहिला. हिंदी तिला निम्मेच कळत होते. संपल्यावर तिने एकच विचारले : "डुकराचे पैशे देनाऱ्याला कुनी धरलं का न्हाई?" कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाचा रोख हाच आहे. शेकडो वर्षे ज्यांच्यापासून अक्षर राखून ठेवले गेले, त्यांच्यापर्यंत कादंबरी पोचण्याचा हाही एक रस्ता आहे. 'आत्मा हरवतो' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

म्हणून अशा चित्रपटाकडे पाहताना मी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. एक, कुणाचा धागा कापला? दुसरा, जो राखला त्याला फक्त रडायला ठेवले, की विचार करायला आणि बोलायलाही जागा दिली? तिसरा, शेवट बदलला असेल तर त्यातून कोण सुटले? किती पाने गाळली, ह्यापेक्षा ह्या तीन उत्तरांवरून न्यायाची परीक्षा अधिक नीट होते.

आणि ही परीक्षा केवळ प्रेक्षक राहून पुरी होणार नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मागे (२०१३) कादंबरी नाही, तरी तो येथे आठवतो. कारण तेथेही डुक्कर आहे. त्यात कैकाडी घरातल्या जब्याला गावासमक्ष डुकरामागे धावावे लागते. पण तो शेवटी प्रेत होत नाही. दगड उचलतो आणि तो दगड थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो. कॅमेरा कुणाच्या हाती आहे, ह्याने पडलेला हा फरक आहे. अण्णाभाऊ साठे यांच्या 'वैजयंता', 'फकिरा' ह्या कादंबऱ्यांवर १९६० च्या दशकातच मराठी चित्रपट निघाले होते; म्हणजे आपली कादंबरी पडद्याला नवी नाही. नवे हवे आहे ते संकलकाचे टेबल. आपल्या मुलामुलींनी पटकथा लिहिणे शिकावे, संकलन शिकावे, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे अर्ज भरावेत. दीर्घ कादंबरीवर कात्री चालणारच आहे. ती चालवणाऱ्या हाताला सिलिया कोण, हे ठाऊक असले पाहिजे.