रोहूला जठरच नाही, मग पेंड जाते कुठे?

महाडच्या बाजारात तराजूत पडणाऱ्या रोहूकडे नीट बघा. त्याच्या पोटात जठर नावाचा अवयवच नसतो! कटला, मृगळ, सायप्रिनस, सगळं कार्प घराणं असंच. गिळलेलं अन्न थेट लांबलचक आतड्यात. जबड्यात दातही नाहीत, ते घशात. म्हणून या माशांना एकदाच भरपूर वाढून भागत नाही. तेच खाद्य दिवसातून दोन-तीनदा विभागून टाकलं की अंगी लागतं, नाहीतर तळाशी कुजतं.

आजोबांचं गणित

भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, निम्मं निम्मं. शेततळ्यात हेच टाकायची जुनी पद्धत आणि ती अडाणीपणाची मुळीच नाही. कोंड्यात साधारण 12 टक्के प्रथिनं, पेंडीत 40 च्या पुढे. सरासरी काढा, 26 ते 27 टक्के. वाढत्या कार्पला लागतात 25 ते 30! उरलेली कसर तळ्यातले सूक्ष्मजीव भरून काढतात. शेणखत टाकल्यावर पाणी हिरवट होतं, त्यात प्राणिप्लवंग वाढतात आणि त्यांच्या कोरड्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिनंच असतात. गोठ्यातून तळ्यात आणि तळ्यातून ताटात, असा हा प्रथिनांचा फुकटचा प्रवास.

एक खोट मात्र आहे. शेंगदाण्याच्या पेंडीत लायसिन कमी, सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी. ही अमिनो आम्लं मासा स्वतः बनवू शकत नाही. त्यातलं एक जरी तुटपुंजं पडलं तरी बाकीची सगळी असून वाढ तिथेच अडते. पिशवीवरचा टक्क्यांचा आकडा मोठा म्हणून माल चांगला, असं त्यामुळेच म्हणता येत नाही.

जास्तीची प्रथिनं पाण्यात

रोहूला 45 टक्क्यांचं महागडं खाद्य घातलं तर? तो तगडा होईल, ही विक्रेत्याची आशा. प्रत्यक्षात जास्तीची प्रथिनं जाळली जातात आणि त्यांचा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. आपल्याला त्याचा युरिया करून लघवीतून टाकावा लागतो. माशाला ती मेहनत नाही. तो मोकळा होतो, पाणी मात्र बिघडतं. म्हणजे पैसे देऊन तळं खराब करायचं.

इथे चरबी मदतीला येते. पोहायला, श्वास घ्यायला लागणारी शक्ती तेलातून मिळाली, तर प्रथिनं मांस बांधायला शिल्लक राहतात. ग्रॅमला ग्रॅम तोललं तर चरबीत प्रथिनांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. पण कार्पला 5 ते 8 टक्के पुरे. त्यापुढे यकृतात आणि आतड्याभोवती चरबी साठते. शिवाय ऊर्जेची गरज लवकर भागल्याने मासा खाणंच कमी करतो, आणि मग प्रथिनंही कमी पोचतात.

कुरमुऱ्यांवरचे देवाचे मासे

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीचं ठाणं, आणि डोहात महासीर मासे. श्रद्धेपोटी इथे कुणी गळ टाकत नाही. उलट भाविक कुरमुरे टाकतात. कुरमुऱ्यात प्रथिनं जेमतेम 7-8 टक्के, बाकी बहुतेक पिष्ट. महासीरच्या पिल्लांना हवीत 35 ते 40 टक्के! तरी मासे तगून आहेत, कारण कुरमुरे हा त्यांचा फराळ. खरं जेवण म्हणजे किडे, गोगलगायी, काठच्या झाडांवरून पडलेली फळं. पाळीव महासीरला ही चैन नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महासीरची पैदास होते. तिथे पिल्लांना वाढवायचं तर सगळा आहार माणसालाच पुरवावा लागतो.

दीड किलोत एक किलो

मासा थंड रक्ताचा. अंग ऊबदार ठेवायचा खर्च नाही, पाणी तोलून धरतं म्हणून उभं राहायचाही नाही. चांगलं खाद्य असेल तर साधारण दीड किलो खाद्यात एक किलो मासा निघतो. यात थोडी हातचलाखी आहे हं; खाद्य कोरडं आणि माशात तीन चतुर्थांश पाणी! थंडीत पोलादपूरच्या घाटपायथ्याला पाणी गारठलं की मात्र भूक मंदावते. तेव्हा खाद्याचा हात आखडता घ्यायचा.

पावसाळ्यातलं पोतं

कोंड्यात तेल बरंच असतं आणि ते लवकर खवट होतं. खवट तेल माशातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं. पेंडीचं दुखणं याहून वाईट. ओल लागली की बुरशी आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की मेल्या, तेव्हा दोषी ठरली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. त्याच सुमारास अमेरिकेत संगोपन केंद्रातल्या ट्राउटना यकृताचा कर्करोग झाला, कारण तेच विष. सावित्रीखोऱ्यातल्या पावसात पोतं जमिनीला टेकवून ठेवणाऱ्याने हा इतिहास वाचलेला बरा.

जिताड्याची गोष्टच वेगळी

रायगडकरांचा लाडका जिताडा पक्का मांसाहारी. त्याला खाद्यात 45 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, चरबीही कार्पहून जास्त, आणि भाताच्या पिष्टाचं त्याला फारसं काही करता येत नाही. ज्या ओमेगा-3 साठी आपण समुद्री मासे खातो, ती लांब साखळीची चरबीही तो स्वतः पुरेशी बनवत नाही. ती मुळात शेवाळातून येते. सोयाबीन तेल घातलं तर मांसातली चरबीही सोयाबीनच्या वळणाची होते. म्हणून परदेशातले काही सॅमनवाले बराच काळ वनस्पती तेल देतात आणि विक्रीआधीच्या आठवड्यांत मासळीच्या तेलावर आणतात.