चाकांवरच्या घरांतील गळती

आजचा विषय ऐकून कोणी नाक मुरडतील हें मी जाणतों. तरी बोलतों, कारण ज्या वस्तूविषयीं सभ्य घरांत चारचौघांत बोलत नाहींत, ती बिघडली म्हणजे त्याच सभ्य घराची सर्वांत अधिक त्रेधा उडते. विषय आहे चालत्या गाडींतील शौचकूप आणि त्याच्या तळाशीं असलेलें एक रबरी कडें. तिकडचे दुकानदार त्याला सील म्हणतात.

अमेरिकेंत मोटारींतच बिऱ्हाड थाटून प्रवासाला निघण्याची चाल आहे. ह्या गाड्यांत निजावयास जागा, शेगडी, पाण्याची टाकी आणि लहानसें शौचगृह, सर्व कांहीं असतें. इंडियाना संस्थानांतील एल्कहार्ट गांव व त्याच्या आसपासचा मुलूख ह्याच धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे. माझे चिरंजीव शिकागोजवळ राहतात. त्यांनीं अशी एक जुनी गाडी घेतली होती आणि २०२२ सालच्या ऑगस्टमध्यें आम्हां उभयतांना घेऊन ते सहकुटुंब साउथ डाकोटामधील बॅडलँड्स पाहावयास निघाले. वारा-पावसानें कोरलेल्या त्या उजाड टेकड्यांचें वर्णन मी करीत नाहीं, कारण तेथें पोंचल्यावर आमचें लक्ष टेकड्यांकडे फारसें राहिलेंच नाहीं. उन्हानें तापलेल्या गाडींत अशी दुर्गंधी पसरली कीं आमच्या सौभाग्यवतीनें हातांतला घास तसाच ताटांत ठेवला आणि "मला घरीं पोंचवा" असें निक्षून सांगितलें. घर तेथून हजाराहून अधिक किलोमीटर दूर! चिरंजीवांनीं दुरुस्तीच्या एका दुकानाला फोन केला. उत्तर आलें, तीन आठवड्यांनीं या.

आतां ही दुर्गंधी येते कोठून, तें पाहूं. घरच्या शौचकूपाखालीं नळीला एक वांक दिलेला असतो. त्या वांकांत पाणी सांचून राहतें आणि तें पाणीच खालचा वायु वर येऊं देत नाहीं. गाडींत हा वांक बसवीत नाहींत. भांड्याच्या खालीं लागलीच मैल्याची टाकी, तेव्हां वांकाला उंची मिळत नाहीं. रस्त्याच्या धक्क्यांनीं त्यांतील पाणी हिंदकळून जाईल. आणि वांकापलीकडे मळ ढकलण्याइतकें पाणी गाडींत आणावयाचें कोठून? अमेरिकेंत १९९४ पासून नव्या घरगुती शौचकूपाला एका खेपेस सुमारें ६ लिटर पाण्याची मर्यादा आहे. गाडींतील मंडळी त्याहून पुष्कळच कमी पाण्यांत भागवितात. म्हणून भांड्याच्या तळाशीं एक सरकती झडप असते. पायानें कळ दाबली कीं झडप बाजूला सरते व सर्व कांहीं सरळ टाकींत पडतें. पाय काढला कीं ती पूर्ववत् मिटते. झडपेच्या कडेला रबरी कडें घट्ट बसलेलें असतें आणि वर भांड्यांत दोन बोटें पाणी राहतें. कडें आणि दोन बोटें पाणी, एवढाच काय तो बंदोबस्त.

ही युक्ति मात्र नवी नव्हे. १७७५ सालीं लंडनमधील अलेक्झांडर कमिंग ह्या घड्याळजीनें शौचकूपाचें जें पेटंट घेतलें, त्यांत सरकती झडपहि होती आणि खालचा वांकहि होता. तीन वर्षांनीं, १७७८ सालीं, जोसेफ ब्रामा ह्यानें सरकत्या झडपेऐवजीं बिजागरीची झडप आणली. पुढें घरांत वांक राहिला व झडप गेली. गाडींत झडप राहिली व वांक गेला.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीं एक गोष्ट ठरवावी. "गळतें" हा शब्द फार ढोबळ आहे. पाणी भांड्यांतून नाहींसें होतें, कीं जमिनीवर येतें? मीं रात्रीं भांड्यांत पाणी घेऊन त्याच्या पातळीशीं पेन्सिलीनें खूण केली आणि सकाळपर्यंत कोणास कळ दाबूं दिली नाहीं. सकाळीं भांडें ठणठणीत कोरडें. म्हणजे दोष झडपेच्या कड्याचा. जेथून पाणी खालीं उतरतें, तेथूनच वायु वर चढतो.

जमिनीवर पाणी दिसलें तर शोधाची वाट निराळी. कळ दाबल्यावरच पायथ्याशीं पाणी येत असेल, तर प्रथम भांड्याच्या पाठीमागें हात फिरवून तेथें कोरडें आहे ना हें पाहावें. कोरडें असल्यास भांडें आणि जमिनीवरील नळीचें तोंड ह्यांमधलें कडें बिघडलें असावें. कळ न दाबतांहि जमीन ओली होत असेल, तर पाठीमागची पाण्याची तोटी तपासावी. ही बहुधा थंडीची बळी असते. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें, आणि प्लास्टिकच्या तोटींत राहिलेलें चमचाभर पाणी तिला तडा देण्यास पुरेसें होतें. म्हणून उत्तरेकडील लोक हिवाळ्यापूर्वीं नळ्या रिकाम्या करून त्यांत न गोठणारा गुलाबी द्रव भरतात. असली गळती लहान म्हणून सोडूं नये. गाडीची जमीन लाकडी फळ्यांची असते व ती आंतून कुजते.

आमचें काम त्या मानानें सोपें होतें. तळावर ठरलेल्या जागीं टाकी रिकामी केली, पाण्याचा पंप बंद केला, खिडक्या आणि छतावरचा झरोका उघडला, आणि शेगडी पेटवावयाची नाहीं अशी ताकीद दिली. टाकींतील वायूंत पेट घेणारा मिथेन असतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायुहि असतो. ह्या दुसऱ्या वायूचें प्रमाण फार वाढलें म्हणजे नाकाची जाणीवच बोथट होते. तेव्हां वास येईनासा झाला म्हणून धोका टळला असें समजूं नये.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही नका हात लावूं, मी बघतों." बोलणें मायेचें होतें, पण माझ्या मनांत निराळेंच आलें. माझ्या लहानपणीं आमच्या वाड्यामागच्या बोळांत टोपलीचे संडास होते. सकाळीं एक बाई येई, मागील बाजूनें टोपल्या काढी आणि मैला डोक्यावरून वाहून नेई. इतक्या वर्षांत तिचें नांव मला कळलें नाहीं. विचारावें असें आमच्यापैकीं कोणासहि वाटलें नाहीं. माणसाकडून हा मैला उचलवून घेण्यास कायद्यानें बंदी झाली ती १९९३ सालीं. तोंवर मी मास्तर होऊन पुष्कळ वर्षें लोटलीं होतीं आणि मुलांना स्वावलंबनावर निबंध लिहावयास देत होतों. मीं चिरंजीवांच्या हातांतले हातमोजे घेतले आणि गुडघे टेकले.

प्रथम साफसफाई. पुष्कळदां कडें फाटलेलें नसतेंच. तें ज्या खांचेंत बसतें तिच्यांत कागदाचा लगदा आणि क्षाराचीं पुटें सांचतात, व झडप पुरती मिटत नाहीं. व्हिनेगरांत भिजविलेलें फडकें तासभर खांचेवर ठेवलें, मग नातवाला नाकावर रुमाल बांधून कळीवर पाय देऊन उभें केलें आणि दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें खांच घांसली. निघालेल्या मळाचें वर्णन नको.

त्यानंतर मीं एक चूक केली, ती मुद्दाम सांगतों. कडें रुक्ष झालेलें दिसलें म्हणून मीं त्याला पेट्रोलियम जेली चोळली. दोन दिवस उत्तम चाललें. तिसऱ्या दिवशीं कडें फुगून झडपेला अडूं लागलें. सायकलच्या टायरला तेल लागूं देऊं नये हें आमच्या गांवच्या पंक्चर काढणाऱ्या पोरालाहि ठाऊक असतें. मास्तरांना त्याचा विसर पडला! खनिज तेलापासून झालेले पदार्थ पुष्कळ जातींच्या रबराला फुगवितात व मऊ करितात. येथें सिलिकोनचें वंगणच वापरावें, आणि तेंहि बोटानें अगदीं पातळ.

शेवटीं रॅपिड सिटी येथून नवें कडें आणावें लागलें. दुकानांत जातांना शौचकूपावरील पट्टीवरचा नमुन्याचा क्रमांक लिहून न्यावा. दोन कडीं दिसावयास सारखीं असून किंचित् फरकानें निरुपयोगी ठरतात. कांहीं नमुन्यांत कळ दाबून धरली कीं जुनें कडें वरूनच ओढून काढतां येतें. आमचा शौचकूप सुदैवानें त्यांतला होता. कांहींत सबंध शौचकूप उचलावा लागतो: पाण्याची नळी सोडावी, पायथ्याच्या चाक्या काढाव्या आणि तो सरळ वर घ्यावा. मग जमिनीवरचें कडेंहि त्याच वेळीं बदलावें. घरांत त्या जागीं मेणाचें कडें चालतें, पण गाडी हलती असल्यानें येथें बहुधा रबरच घालतात. चाक्या आवळतांना एकदां ह्या बाजूची, एकदां त्या बाजूची, अशी थोडी थोडी फिरवावी. मनगटाचा जोर दाखविल्यास प्लास्टिकचा पाया तडकतो.

कड्याला वरची आणि खालची बाजू असते. जुनें काढतांनाच तें कसें बसलें होतें हें नीट पाहून ठेवावें. खांच पुसून कोरडी करावी, कडें बसवून भोंवतालीं बोट फिरवावें, आणि कोठें पीळ राहिला नाहीं अशी खात्री झाल्यावर दहा-वीस वेळां कळ दाबून झडप चालवावी.

त्या रात्रीं पुन्हां पेन्सिलीची खूण केली. सकाळीं चष्मा लावून पाहिलें, पाणी खुणेशींच होतें. सौभाग्यवतीनें माझ्या शब्दावर विश्वास न ठेवतां स्वतः डोकावून पाहिलें, आणि मग घरीं परतण्याचा विषय निघाला नाहीं.

गाडी उभी असतांनाहि भांड्यांत थोडें पाणी असूं द्यावें, म्हणजे कडें वाळत नाहीं. थंडीच्या दिवसांत मात्र साध्या पाण्याऐवजीं तो गुलाबी द्रव ठेवावा. एक जादा कडें खणांत असावें. आणि रात्रीची खूण जागच्या जागीं असूनहि वास येत असेल, तर कड्याला दोष न देतां छतावर निघालेली टाकीची वायुनलिका पाहावी. तींत पाला किंवा गांधीलमाश्यांचें घर अडकून वायूची वाट बंद होते. आमची नलिका चिरंजीवांनीं शिडीवर चढून तपासली. ती मोकळी होती.