पिवळी पडलेली फ्लशची टाकी: रंगवावी की बदलावी?

रमजानच्या आधी साफसफाई निघाली की अंधेरी-घाटकोपरच्या आपल्या घरांत मोरी आणि संडास शेवटी उरतात. लादी घासून चमकते, पण पिवळी पडलेली फ्लशची टाकी नि बोअरिंगच्या पाण्याने डागाळलेले आरशाचे कपाट तसेच दिसते. नवे घ्यायचे तर प्लंबरची मजुरी वेगळी, आणि भाड्याच्या घरात अकरा महिन्यांचा करार संपला की सारे मागे सोडून जायचे. अशा वेळी रंगाचा स्प्रे बरा वाटतो. (मालकाला आधी विचारावे, नाहीतर बोलणी डिपॉझिटपर्यंत जातात.)

पण प्रत्येक प्लास्टिक रंग धरत नाही. टाकीच्या आतल्या बाजूने ब्लेडने बारीक कपची काढा आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. वर आली तर ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. त्याच्यावरचा साधा रंग नखाने सोलून निघतो. अशा वस्तूसाठी आधी प्लास्टिकचा खास प्रायमर लागतो. कपची तळाशी गेली तर बहुधा एबीएस किंवा पीव्हीसी, त्यावर रंग चांगला बसतो. कमोडचे सीट कव्हर पुष्कळदा पहिल्या जातीचे असते, शिवाय रोज घासले जाते. ते सरळ बदलावे, असे आमचे मत.

खरी मेहनत रंगाआधीची. साबणाने तेलकटपणा काढा, ४०० नंबरच्या पाणी-पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, धुऊन पूर्ण सुकवा. मग जाड थर एकदम न देता तीन पातळ थर द्या, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. पावसाळ्यात हे काम काढूच नका, दमट हवेत रंग पांढुरका पडतो.

स्प्रे गच्चीवर किंवा मोकळ्या पॅसेजमध्येच मारा. बंद मोरीत, त्यातही गॅस गिझर असेल तिथे, त्याची वाफ पेट घेऊ शकते. हातमोजे घालाच: नखांवर रंगाचा थर बसला तर वुजूचे पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही, आणि थिनरने खरवडत बसावे लागते. लोटा, बादली, मग यांना आतून रंग नको.

घरात संडास एकच असेल तर आज टाकीचे झाकण, ते बसले की कपाट, असे एकेक काढा. वरून सुकला तरी रंग आतून पक्का व्हायला आठवडा लागतो. तोवर ॲसिड नि घासणी दूर ठेवा.