यंत्रमानवाच्या प्राचलांची राखण

नाशिकमध्ये इंदिरानगरातून पाथर्डी फाट्याकडे गेले की पुढे अंबडची औद्योगिक वसाहत लागते. अशा वसाहतींतील सीएनसी यंत्रांवर फानुकचे नियंत्रक पुष्कळ आढळतात आणि त्यांच्या पटलावर बहुधा एक लहानशी किल्ली असते. ती बंद असेपर्यंत स्मृतीतील प्रोग्रॅम बदलता येत नाही. यंत्राची मूळ प्राचले, म्हणजे पॅरामीटर, बदलायची तर लेखनाची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती देताच १०० क्रमांकाचा अलार्म पडद्यावर येतो. दार उघडे राहिल्याची वर्दी यंत्र स्वतःच देते.

छंद म्हणून घडवलेल्या यंत्रमानवात अशी सोय सहसा नसते. वास्तविक त्याचे सारे वर्तन मोजक्या आकड्यांवर उभे असते: पीआयडी नियंत्रणाचे तीन गुणक, सर्वोचा मध्यबिंदू, संवेदकाची मर्यादा, मोटरचा कमाल वेग. काळ्या रेषेवरून धावणाऱ्या रोबोटचा प्रमाण-गुणक अवाजवी वाढला, तर तो रेषेच्या दोन्ही अंगांना झुलू लागतो. दोष यांत्रिक समजून मग बिचाऱ्या चाकांची खोलाखोल होते.

हे आकडे कोठे ठेवले आहेत, त्यावर राखणीचा प्रकार ठरतो. ते प्रोग्रॅममध्येच स्थिरांक म्हणून लिहिले, तर चालू रोबोटमध्ये चुकून बदलण्याची भीती जवळजवळ उरत नाही. मात्र प्रत्येक दुरुस्तीसाठी प्रोग्रॅम नव्याने चढवावा लागतो. म्हणून पुष्कळ जण ते ईईप्रॉममध्ये ठेवतात. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा३२८पी या चिपमध्ये अशी १,०२४ बाइट स्मृती असून वीज गेल्यावरही ती टिकते. प्रत्येक जागी एक लाख वेळा लेखन करता येईल, अशी निर्मात्याची ग्वाही आहे. संख्या मोठी वाटते खरी. पण एका लेखनास सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात. लूपमध्ये नजरचुकीने राहिलेली लेखनाची आज्ञा ही मर्यादा सहा मिनिटांच्या आत गाठू शकते. ‘राइट’ऐवजी ‘अपडेट’ ही आज्ञा वापरल्यास मूल्य खरोखर बदलले असेल तेव्हाच लेखन होते.

बिघाडाचे दुसरे मूळ विजेत आहे. मोटर सुरू होताना मोठा प्रवाह ओढते आणि बॅटरीचा दाब क्षणभर कोसळतो. त्याच वेळी लेखन चालू असेल, किंवा अपुऱ्या दाबाखाली प्रोसेसर भलतीच आज्ञा पाळू लागला, तर साठवलेले मूल्य बिघडते. यासाठी चिपमध्ये ब्राउन-आउट संसूचक असतो. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तो प्रोसेसरला रीसेट अवस्थेत रोखून धरतो. त्याच्या जोडीला मूल्यांच्या दोन प्रती ठेवून प्रत्येकीस सीआरसीचा पडताळा-अंक जोडावा. एक प्रत जुळली नाही तर दुसरी वाचावी. दोन्ही बिघडल्या असतील तर मोटर न चालवता थांबावे. अंदाजाने पुढे जाणारा रोबोट हा थांबलेल्या रोबोटपेक्षा केव्हाही वाईट.

उरतो माणसाचा हात. ईएसपी३२वरील ‘प्रेफरन्सेस’ लायब्ररीत साठा केवळ वाचनासाठी उघडता येतो. नित्याच्या वापरात तसाच उघडावा. याहून भक्कम उपाय तारेचा आहे. एटी२४सी२५६ या बाह्य ईईप्रॉमची सातव्या क्रमांकाची पिन लेखनबंदीची असते. ती धन पुरवठ्याला जोडली की लेखन पूर्ण थांबते. मोकळी सोडली तर लेखन खुले राहते, हे विसरू नये. तेथे एक साधा स्विच आणि एक दिवा बसवला की अंबडच्या यंत्रावरील किल्ली आणि अलार्म दोन्ही घरच्या टेबलावर आले. सारेच कुलूपबंद करणे मात्र इष्ट नाही. भोवतालचा प्रकाश बदलला की संवेदकाची मर्यादा बदलावीच लागते. ती मूळ गुणकांपासून वेगळ्या ठिकाणी साठवावी.

यूएसबीवरून नेहमीप्रमाणे प्रोग्रॅम चढवताना उनोचे ईईप्रॉम शाबूत राहते. स्वतंत्र प्रोग्रॅमर जोडून बूटलोडर चढवताना मात्र आधी संपूर्ण चिप पुसली जाते आणि मूळ फ्यूज-रचनेत ईईप्रॉम वाचवण्याची तरतूद नसते. तत्पूर्वी सर्व मूल्ये सीरियल मॉनिटरवर काढून दिनांकासह एका फाइलीत ठेवावीत. बीटाफ्लाइट ही उड्डाण-नियंत्रण प्रणाली वापरणारे ड्रोनचे छांदिष्ट याच कामासाठी ‘डिफ ऑल’ ही आज्ञा देतात.