जुनें भिंग, नवा कॅमेरा

आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटींत पणजोबांचीं मोडी पत्रें आहेत. गेल्या पावसाळ्यांत तीं काढून पाहिलीं, तों घडीवर कागद विरलेला. अशा पत्राची घडी फार तर आणखी एकदां उलगडेल. तेवढ्या अवधींत त्याचें नीट छायाचित्र निघालें पाहिजे. श्रोतेहो, या गरजेपोटीं मी एका जुन्या भिंगाच्या नादीं लागलों.

भिंगाचें नांव मायक्रो-निक्कोर. केंद्रांतर 55 मिलिमीटर, मोठ्यांत मोठें छिद्र एफ 3.5. निकॉन कंपनीनें या कुळांतलें पहिलें भिंग 1956 सालीं काढलें. जपानी लिपींतील दाट रेषांचीं अक्षरें सूक्ष्मफितीवर स्पष्ट उतरावींत, हा त्यामागचा हेतु. लोक आज ज्या भिंगानें किडामुंगी टिपतात, त्याचें घराणें मूळचें कागदपत्रांचें आहे, हें वाचून मला गंमत वाटली.

तें नव्या कॅमेऱ्यावर बसतें कसें? निकॉनच्या एफ बैठकीच्या भिंगाला बैठकीपासून फिल्मपर्यंत 46.5 मिलिमीटर अंतर लागतें. आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यांत हें अंतर पुष्कळ कमी. सोनीच्या ई बैठकींत 18. उरलेले 28.5 मिलिमीटर धातूच्या पोकळ कड्यानें भरून काढावयाचे. कड्यांत कांच नाहीं, म्हणून भिंगाच्या गुणांत उणें कांहीं येत नाहीं. विजेची जोडणीही नाहीं. त्यामुळें पुढें भिंग आहे हेंच कॅमेऱ्याला कळत नाहीं, आणि भिंगाविना चित्र घेण्याची मुभा त्याला आधीं देऊन ठेवावी लागते.

भिंग पूर्ण बाहेर फिरविलें कीं प्रतिमा वस्तूच्या निम्म्या आकाराची पडते. मध्यें 27.5 मिलिमीटरचें आणखी एक कडें घातलें तर पूर्ण आकाराची. परंतु भिंग पुढें सरकतें तसा प्रकाश विरळ होतो: निम्म्या आकाराला सव्वादोन पट, पूर्ण आकाराला चौपट वेळ द्यावा लागतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हें जाणतो; छिद्राच्या आंकड्यावर विसंबणारा मनुष्य मात्र फसतो.

मी फसलों तो निराळ्याच ठिकाणीं. उजेड कमी म्हणून पहिल्या दिवशीं छिद्र 3.5 वरच ठेवलें. निम्म्या आकाराला तेव्हां स्पष्टतेची खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर असते, आणि जुना कागद घडीशीं त्याहून अधिक फुगतो. एक ओळ ठसठशीत, शेजारची धुक्यांत! मोडींत लेखणी फारशी न उचलतां लिहीत. एखादी बारीक रेघ पुसट झाली तर नांवच बदलावयाचें. दुसऱ्या दिवशीं छिद्र 8 वर नेलें. खोली सुमारें तीन मिलिमीटर झाली. 22 पर्यंत मात्र जाऊं नये. अतिलहान छिद्रांतून प्रकाशलहरी पसरतात आणि सगळेंच चित्र मऊ पडतें.

स्पष्टता साधतांना छिद्र पूर्ण उघडावें, पडद्यावरील प्रतिमा मोठी करून शाईच्या कडेवर नजर ठेवावी, आणि भिंग न फिरवितां कॅमेराच तसूभर खालींवर करावा. मग छिद्र पुन्हां 8 वर. कॅमेरा कागदाशीं समांतर आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक जुनी युक्ति फार नामी आहे: कागदाच्या जागीं लहानसा आरसा सपाट ठेवावा, भिंगाचें प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मध्यभागीं आलें कीं समजावें, काम सरळ आहे. दिवे दोन बाजूंनीं तिरपे लावावे. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनीं चित्र निघेल अशी योजना करावी, म्हणजे हाताचा कंप लागत नाहीं.

ही सारी तालीम मीं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर केली आणि मगच पत्रांना हात लावला. तिसरें पत्र सपाट करून ठेवतांना मधोमध तुटलें. चित्र आधींच निघालें होतें. पणजीच्या माहेरच्या गांवाचें नांव त्यांत आम्हांस प्रथमच वाचतां आलें.