वांग्याविना ‘नॉर्मा’ : पास्ता आणि घरचा आहारविवेक

सायंकाळचे पाच वाजलेले. शाळेतून आलेला नातू पास्त्याचा हट्ट धरतो. आजींचा चौविहार असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी ताट वाढणे आवश्यक असते. सून मग दोन चुली पेटवते, एकीवर आजींसाठी खिचडी आणि दुसरीवर मुलांसाठी पास्ता. आज अनेक जैन कुटुंबांत हे दृश्य दिसते. एका छताखाली राहणाऱ्यांची ताटे अशी हळूहळू वेगळी होत जातात. परंतु पास्ता हा मुळात गहू आणि पाण्याचा पदार्थ आहे. थोडा विवेक बाळगला तर तो आजींच्या ताटातही निःशंकपणे वाढता येतो.

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचे बेट आहे. तेथील कातानिया शहराचा मानाचा पदार्थ म्हणजे ‘पास्ता आला नॉर्मा’. टोमॅटोचा दाट रस, तळलेले वांगे, बेसिलची पाने आणि वरून किसलेले खारवलेले रिकोटा चीज, एवढाच त्याचा संसार. याच शहरात 1801 मध्ये जन्मलेल्या विन्चेन्झो बेलिनी या संगीतकाराची ‘नॉर्मा’ ही संगीतिका 1831 मध्ये मिलान येथे प्रथम सादर झाली. तिच्यावरूनच या पदार्थाला नाव मिळाले, असे सांगतात. त्यातील वांगे मात्र मूळचे आपल्या बाजूचे. अरबांच्या हातून ते भूमध्य समुद्राच्या काठी पोहोचले आणि सिसिलीच्या स्वयंपाकघरात कायमचे स्थिरावले.

आपल्याकडे बावीस अभक्ष्यांच्या गणनेत बहुबीज फळांबरोबरच वांग्याचा स्वतंत्र उल्लेख येतो. फळ पोखरणारी अळी वांग्यात सहज शिरते आणि पुष्कळदा बाहेरून तिचा पत्ताही लागत नाही, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला असतो. काही घरांत वांगे पूर्णपणे वर्ज्य असते, तर काही घरांत ते केवळ चातुर्मासात सोडले जाते. महाराष्ट्रातील इतर समाजांतही कांदेनवमीनंतर कांदा, लसूण आणि वांगे सोडण्याची प्रथा आहेच. म्हणून ‘नॉर्मा’ घरी करावयाची तर वांग्याच्या जागी काय घालावे, हा पहिला प्रश्न. परंतु त्याआधी दुकानातील खरेदीकडे पाहणे इष्ट.

खरेदी करताना

इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासून करतात. आपला बन्सी गहू याच जातीचा. काही प्रकारच्या पास्त्यात, विशेषतः ताज्या आणि पट्टीसारख्या चपट्या पास्त्यात, अंडे असते. भारतात वेष्टनावरील हिरवे चिन्ह पाहिले की शंका फिटते. परदेशी राहणाऱ्या मुलांनी मात्र घटकांची यादी वाचल्याशिवाय पाकीट उचलू नये.

खरी सावधगिरी हवी ती चीजबाबत. दूध विरजण्यासाठी वापरले जाणारे पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून मिळवतात आणि अस्सल पार्मेझानमध्ये तेच वापरण्याचा नियम आहे. सूक्ष्मजीवांपासून तयार केलेल्या रेनेटचे चीज मिळते. तसा स्पष्ट उल्लेख असेल तरच ते घ्यावे. बाटलीबंद सॉसमध्ये बहुधा कांदा-लसणाची पूड असते. त्यामुळे सॉस घरीच करणे उत्तम.

कृती : चार जणांसाठी

वांग्याचे काम दोन प्रकारचे असते. त्याचा मऊ गर रस शोषून घेतो आणि तळलेल्या कडा चवीला खमंगपणा देतात. यातील पहिले काम दुधी करतो, दुसरे कच्चे केळे. पाव किलो कोवळा दुधी सोलून त्याच्या बोटाएवढ्या जाड चकत्या कराव्यात, त्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवाव्यात, मग पिळून कोरड्या पुसाव्यात. पाणी निघून गेल्यामुळे त्या तेल कमी पितात. सिसिलीतील गृहिणी वांग्याला हीच प्रक्रिया करतात. ज्यांच्या घरी वांगे चालते त्यांनीही ती करावी. दोन कच्ची केळी सोलून चकत्या कराव्यात आणि काळ्या पडू नयेत म्हणून पातळ ताकात ठेवाव्यात. तळण्यापूर्वी त्याही पुसून घ्याव्यात. तेल चांगले तापल्यावर दोन्ही थोड्या थोड्या, सोनेरी होईपर्यंत तळाव्यात.

आठशे ग्रॅम पिकलेले टोमॅटो गरम पाण्यातून काढून सोलावेत, बिया काढून चिरावेत. तेलात चिमूटभर हिंग घालून त्यावर टोमॅटो टाकावेत आणि वीस-पंचवीस मिनिटे मंद आचेवर आटवावेत. मीठ बेतानेच घालावे, कारण दुधी आणि पनीर दोन्ही खारट असतात. काळी मिरी शेवटी.

खारवलेल्या रिकोटासाठी घरचे पनीर पुरेसे आहे. एक लिटर दूध लिंबाने फाडून, गाळून, मीठ कालवून दोन तास वजनाखाली दाबावे आणि किसावे.

पास्ता शिजवताना शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ, हे इटालियन प्रमाण लक्षात ठेवावे. चौघांना तीनशे वीस ग्रॅम पास्ता पुरतो. पाण्यात तेल घालू नये आणि शिजलेला पास्ता थंड पाण्याने धुऊ नये; दोन्हींमुळे रस पास्त्याला धरत नाही. पाकिटावरील वेळेच्या दोन मिनिटे आधी तो काढावा, वाटीभर पिठूळ पाणी राखून ठेवावे आणि उरलेले शिजणे सॉसमध्येच पूर्ण होऊ द्यावे. लागेल तसे राखलेले पाणी घातले की रस आणि पास्ता एकजीव होतात. तळलेल्या चकत्या, बेसिल आणि पनीर वाढतानाच घालावे. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असल्यास बेसिल वगळावे.

तिथी आणि मोजमाप

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणाऱ्या घरांत पांढरा सॉस करता येतो. लोणी अभक्ष्यात मोडत असल्यामुळे त्याऐवजी तूप घ्यावे. दोन चमचे तुपात दोन चमचे कणीक मंद आचेवर परतावी, अर्धा लिटर दूध थोडे थोडे घालत ढवळावे, शेवटी मीठ व मिरी घालावी.

शिळे अन्न वर्ज्य असल्यामुळे उरलेला पास्ता शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी खाण्याची सोय आपल्याकडे नाही. म्हणून पास्ता हाताच्या अंदाजाने न घेता काट्यावर तोलावा. व्यापारी कुटुंबाला तोलण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पनीर दुपारीच दाबून ठेवले आणि टोमॅटो चुलीवर असतानाच दुधी-केळ्याचे तळण उरकले, तर पाच वाजता सुरू केलेला स्वयंपाक सहाच्या सुमारास ताटात येतो. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, तेव्हा अर्धा तास आधी सुरुवात करावी. आजींसाठी दुसरी चूल पेटवावी लागत नाही. नातवाच्या शेजारी, त्याच कढईतले त्यांनाही वाढता येते.